दिसतं त्याच्या वीतभर खाली

सांगोला,
१६ जून

चि. सौ. मृणाल हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो मिळाले. फोनवर मला आताशा बारीक दिसत नाही, म्हणून शेजारच्या सुहासला हाक मारली आणि त्याच्या लॅपटॉपवर ते मोठे करून घेतले. क्रॅबॲपलच्या कोवळ्या फांद्या शेंड्याकडून काळपट तपकिरी पडल्यात, पानं करपूनही गळलेली नाहीत, आणि फांद्यांची टोकं धनगराच्या आकडीसारखी खाली वळलीत. शेवटच्या फोटोत तू लाल गोल केलायस तिथे सालीवर पिवळट तांबूस चिकट थेंब आहे. पोरी, तो थेंब पाहिल्यावर मला फारशी शंका उरली नाही. हा फायर ब्लाइट आहे. जिवाणूंचा रोग, सफरचंद आणि नासपतीच्या कुळातल्या झाडांना होतो, आणि उबदार ओल्या हवेत झपाट्याने पसरतो. म्हणून सविस्तर लिहायला बसले. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणतेस आणि तेवढ्यात ओवी काहीतरी सांडते. पत्र कसं, फ्रिजवर लावून ठेवता येतं.

तरी एक काम आधी कर. उशिरा आलेल्या थंडीने, खोडकिड्याने, बुरशीनेही शेंडे वाळतात, आणि मी काही झाडाजवळ उभी नाही. तुमच्या राज्यात, न्यू जर्सीत, रटगर्स विद्यापीठाची झाडांचे रोग तपासणारी प्रयोगशाळा आहे आणि काउंटीकाउंटीत त्यांची विस्तार केंद्रं आहेत, आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्र असतं तशी. तिथे विचार आणि नमुना दे. पूर्ण वाळलेली काडी देऊ नकोस, तिच्यात जिवंत जिवाणू सापडतीलच असं नाही. काळा भाग संपून हिरवा जिथे सुरू होतो, तो सांधा मधोमध येईल असा तुकडा घे. कोरडाच पिशवीत घाल, पाणी शिंपडू नकोस. आणि पोस्टाने पाठवणार असशील तर आठवड्याच्या सुरुवातीला टाक, म्हणजे शनिवार-रविवार कुठे पडून राहून कुजणार नाही. वर्गात शिकवायची तेव्हा हे मी दर वर्षी सांगायची आणि दर वर्षी कुणीतरी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळा लगदा घेऊन यायचं.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंस की कात्री हातात घेते आणि परत ठेवून देते, कारण ओवीच्या जन्माच्या वर्षी लावलेलं झाड आहे. समजतं गं मला. मी तुझ्याकडे आले होते तेव्हा एप्रिल संपत आला होता, गुलाबी कळ्या उमलून पांढरंशुभ्र झालं होतं ते झाड, आणि तुझी सासू रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन त्याच्याखाली बसायची. पण बाळा, या रोगात कापणं हाच उपचार आहे. वरून काही मारून तो बरा होत नाही. आणि कापायचं तेसुद्धा काळं दिसतं तिथे नाही. दिसतं त्याच्या वीतभर खाली, वर आणखी चार बोटं. या पत्रातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू दे.

वीतभर का, ते सांगते, म्हणजे कात्री चालवताना हात थरथरणार नाही. तुला जो काळा भाग दिसतो तो मेलेला आहे. जिवाणू तिथे थांबलेले नाहीत. ते सालीच्या आतून, वरून हिरव्यागार दिसणाऱ्या भागात पुढे सरकलेले असतात. एखाद्या फांदीवर काळ्या भागाच्या जरा खाली चाकूच्या टोकाने साल अलगद खरवडून बघ. आत पांढरट हिरवं असायला हवं, तिथे तांबूस रेघा दिसतील. त्या रेघा संपतात तिथून खाली वीत मोज. तांबूस रेघेत कात्री घातलीस तर रोग झाडातच राहतो आणि पंधरा दिवसांनी त्याच फांदीवर पुन्हा काळं दिसतं. मग माणूस म्हणतो, कापून काही उपयोग होत नाही. उपयोग होतो, काप वर पडलेला असतो.

तुला आठवतंय का, डाळिंबावर तेल्या आला होता तेव्हाचे दिवस? तू शाळेत असशील. २००३च्या आसपास आपल्या सांगोला-आटपाडी भागात आणि तिकडे मालेगाव-सटाण्याकडे त्याने बागाच्या बागा बसवल्या. तोही जिवाणूंचाच रोग, फक्त जिवाणू वेगळा. पानावर तेलकट डाग, मग फळावर काळे डाग, आणि मग फळ उकलायचं. लोक रडायचे गं. पंपावर पंप मारायचे, दुकानदार सांगेल ते मिसळून मारायचे. तुझे काका मात्र बागेतल्या बायका-गड्यांच्या कमरेला डेटॉलच्या पाण्याचा डबा बांधायचे. एक काप घेतला की कात्री डब्यात, दुसरा काप घेतला की पुन्हा डब्यात. रोगट काड्या, गळलेली पानं, उकललेली फळं सगळी गोळा करून बागेबाहेर नेऊन जाळायचे. शेजारचे म्हणायचे, मास्तरीणबाईंच्या मालकांनी दवाखाना उघडलाय. पुढच्या हंगामात तेच शेजारी डबा कसा बांधायचा ते बघायला आले. सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली उभं राहिलं, तिथले लोकही हेच सांगत आले: बाग स्वच्छ ठेवा, हत्यारं निर्जंतुक करा, पावसाळ्यात फळ वाढणार नाही असा बहार धरा. आपण त्यानंतर हस्त बहारच धरला.

म्हणून तुलाही तेच सांगते. घरात औषधाच्या दुकानातलं सत्तर टक्क्यांचं स्पिरिट असेलच. ते एका उंच बरणीत घे आणि प्रत्येक कापानंतर कात्रीची दोन्ही पाती त्यात बुडव. प्रत्येक, बरं का. 'याच फांदीवर दुसरा काप आहे, कशाला बुडवायची' असं करू नकोस. कपड्यांचं ब्लीच वापरायचं झालं तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. पण त्याने लोखंड खराब होतं, काम संपलं की कात्री धुऊन, पुसून तेल लाव. स्पिरिट बरं, मात्र ओवीच्या हाताला लागू देऊ नकोस आणि जवळपास काही पेटतं नको.

दिवस कोरडा निवड. नुसतं ऊन पडलंय म्हणून नाही, पुढचे दोन दिवसही पाऊस सांगितलेला नसावा. दव वाळू दे, मग हात लाव. ओल्या झाडाला कात्री लावणं म्हणजे रोग स्वतःच्या हातांनी फांद्याफांद्यांवर नेणं. कापलेल्या फांद्या गवतावरून ओढत नेऊ नकोस, तिथल्या तिथे पिशवीत घाल आणि पिशवी बांधून कचऱ्यात दे. कंपोस्टच्या ढिगात मुळीच टाकायच्या नाहीत.

आणखी एक बारकावा आहे, तो निखिलरावांना वाचून दाखव, कारण शिडीवर तेच चढणार. आता उन्हाळ्यात काप घेताना फांदी अगदी जोडाशी, खोडाला लागून साफ कापायची नाही. वीतभर खाली ये, पण जोडाच्या आधी चार-पाच इंचांचं थोटूक राहू दे. दिसायला वाईट दिसतं. पण उन्हाळ्यात कापलेल्या तोंडाशी थोडा रोग पुन्हा धरतोच, कितीही जपलं तरी. तो त्या थोटकात अडकतो, खोडापर्यंत पोचत नाही. मग जानेवारी-फेब्रुवारीत झाड झोपलेलं असताना ते थोटूक जोडाशी कापून टाकायचं. थंडीत जिवाणू हालत नाहीत, तेव्हाचा काप सुरक्षित. आपल्याकडे डाळिंब छाटलं की कापाच्या तोंडाला बोर्डो पेस्ट लावतात, ते तू लहानपणी पाहिलंयस. इथे ते करायची गरज नाही. तुमच्या दुकानांत जखमेवर लावायचे काळे रंगाचे डबे मिळतात, तेही आणू नकोस. त्याने हा रोग अडत नाही.

माझी विद्यार्थ्यांना सांगायची एक आवडती गोष्ट होती, ती तुलाही सांगते, कारण ती तुझ्याच परसदारची आहे. हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो १७८०च्या सुमारास हडसन नदीच्या खोऱ्यात. तुझ्या घरून गाडीने किती लांब? पुढची शंभर वर्षं लोक म्हणत राहिले की हे कडक उन्हाने होतं, झाडातला रस थिजल्याने होतं, आकाशातल्या विजेने होतं. १८७८ साली इलिनॉय विद्यापीठातल्या थॉमस बरिल यांनी सांगितलं की यामागे जिवाणू आहेत. जिवाणू माणसाला आणि जनावरांना आजारी पाडतात हे नुकतंच कुठे पटू लागलं होतं. झाडालाही पाडतात, हे तोवर कुणी दाखवलं नव्हतं. जोसेफ आर्थर यांनी १८८५च्या सुमारास ते प्रयोगाने पक्कं केलं, आणि १८९१ साली मर्टन वेट यांनी दाखवलं की मधमाश्या हे जिवाणू फुलांफुलांवर नेतात. म्हणजे झाडांच्या जिवाणूशास्त्राची सुरुवातच तुझ्या या रोगापासून झाली. माझं पोट ज्या विषयावर भरलं त्याचा पहिला धडा तुझ्या अंगणात उभा आहे.

मधमाश्यांचं समजलं की तुला आत्ता काय झालं तेही समजेल. गेल्या हिवाळ्यात तुझ्या झाडावर कुठेतरी, सालीवरच्या खोलगट जुन्या व्रणाच्या कडेला, जिवाणू दडून बसले होते; किंवा शेजारच्या एखाद्या झाडावर. वसंतात ऊब आली की त्या व्रणातून चिकट स्राव पाझरतो. माश्या, मुंग्या, पावसाचे शिंतोडे तो फुलांपर्यंत नेतात. फुलाच्या कुक्षीवर ते असे वाढतात की दिवसा-दोन दिवसांत एका फुलावर दहा लाखांच्या घरात जातात. मग हवा अठरा अंशांच्या वर आणि त्यात पाऊस किंवा जाड दव, की ते धुपून फुलातल्या मधाच्या जागी उतरतात आणि तिथून आत शिरतात. तू म्हणालीस ना, फुलं होती तेव्हा चार दिवस उकाडा आणि रिपरिप होती? तेव्हाच झालं हे. दिसलं आत्ता. त्यात तुझी काही चूक नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

पण एका गोष्टीची मला काळजी वाटते आणि ती मी स्पष्ट लिहिते. गवताला खत टाकायला जी माणसं येतात, त्यांना झाडाच्या भोवती येऊ देऊ नकोस. झाडाची मुळं तुझ्या गवताखालीच पसरलीत. गवत हिरवंगार व्हावं म्हणून टाकलेलं नत्र झाडही पितं आणि लांबच लांब, लुसलुशीत फुटवे काढतं. हा रोग त्या कोवळ्या फुटव्यांत जितका पळतो तितका जून लाकडात पळत नाही. झाड आजारी दिसलं की आपल्या बायकांचा पहिला हात खाण्यापिण्याकडे जातो, हे मला ठाऊक आहे. तुझ्या आजीने तर डाळिंबालाही ताक घातलं असतं. इथे तो हात आवर. यंदा खत नाही. पुढच्या वर्षीही माती तपासल्याशिवाय नाही. पाणी द्यायचं ते बुंध्याशी, सावकाश, तेही कोरड पडली तरच. फिरत्या कारंज्याचं पाणी फांद्यांवर उडत असेल तर त्याचं तोंड आजच वळव. बुंध्यातून आणि जाड फांद्यांवरून सरळ वर जाणारे फुटवे लहान असतानाच काढून टाक. आणि 'आता कापतेच आहे तर झाडाला आकारही देऊ' असं निखिलरावांनी म्हटलं तर नको म्हण. जास्त छाटलं की झाड जास्त कोवळं फुटतं. रोगट तेवढंच काढायचं, पण ते पुरेसं खाली जाऊन.

तू विचारलंस की स्ट्रेप्टोमायसिन फवारू का, दुकानात मिळतं म्हणे. मृणाल, माझं मत विचारशील तर नको. ते औषध रोग लागल्यावर उपयोगी पडत नाही. फुलं उमललेली असताना, हवा उबदार आणि पाऊस तोंडावर असताना फुलावर पडलं तर नवी लागण रोखतं, एवढंच. आज काळ्या पडलेल्या शेंड्यावर मारलंस तर पैसे आणि औषध दोन्ही वाया. शिवाय विनाकारण मारत राहिल्याने औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. कॅलिफोर्नियातल्या नासपतीच्या बागांत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते सापडले होते. हे औषध काही साधं नाही. तुमच्या रटगर्समध्येच १९४३ साली ते मातीतल्या एका जिवाणूपासून वेगळं केलं गेलं, क्षयाच्या रोग्यांना त्याने पहिल्यांदा आशा दिली, आणि त्या शोधासाठी वाक्समन यांना १९५२ साली नोबेल मिळालं. तुमच्या राज्याने तर २०१९ साली त्या जिवाणूला राज्याचा अधिकृत सूक्ष्मजीव म्हणून मान दिला. माझ्या धाकट्या काकूला क्षय झाला होता, ती याच इंजेक्शनांवर उठली. अंगणातल्या शोभेच्या एका झाडासाठी ते उधळायला माझं मन घेत नाही. फळबागेवर ज्यांचं पोट आहे त्यांचा हिशेब वेगळा.

तांब्याचं मात्र चालेल, पण वेळ सांभाळून. पुढच्या मार्चमध्ये कळ्यांची टोकं नुकती रुपेरी-हिरवी दिसायला लागली की बागेसाठी मिळणारं तांब्याचं औषध डब्यावरच्या प्रमाणातच एकदा मार. आपलं बोर्डो मिश्रण ज्या मोरचुदाचं, त्याचीच ही भावंडं. सालीवर पाझरून बाहेर आलेले जिवाणू त्याने मरतात, आतले नाही. पानं उलगडल्यावर मारलंस तर पानंच करपतील. आणि फुलं असताना कुठलंही कीडनाशक झाडाजवळ नको. मधमाश्या रोग नेतात म्हणून मधमाश्यांना मारायचं नसतं. त्यांच्यावाचून बाकीची बाग कशी चालेल?

तुझ्या घरापुढच्या रस्त्यावरच्या ओकबद्दलही लिहिलंयस, की गेली काही वर्षं ऑगस्टमध्ये पानांच्या कडा तपकिरी होतात, मध्ये पिवळी किनार आणि आत हिरवं. तो रेड ओक किंवा पिन ओक असेल तर जिवाणूंचाच पण अगदी निराळ्या स्वभावाचा रोग असू शकतो, बॅक्टेरियल लीफ स्कॉर्च. न्यू जर्सीत ओकवर तो बराच आहे. त्याचा जिवाणू झायलेला; झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत बसतो आणि रस शोषणारे तुडतुड्यांसारखे कीटक तो नेतात. तिथे मात्र कात्रीने रोग जात नाही, कारण तो सगळ्या झाडात असतो. झाड वर्षानुवर्षं हळूहळू खचत जातं. त्याला खोडातून प्रतिजैविक टोचतात, त्याने लक्षणं दबतात, रोग जात नाही, आणि पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. तेव्हा तिथे घाई करू नकोस. प्रयोगशाळेतून खात्री करून घे, अवर्षणात पाणी दे, आणि वाळलेल्या फांद्या रस्त्यावर पडून कुणाला लागणार नाहीत एवढं बघ. रस्त्यालगतचं झाड गावाच्या मालकीचं असतं बहुतेक. तुमच्याकडे गावोगावी शेड ट्री कमिशन असतं, त्यांना कळव. क्रॅबॲपलसाठी धीट हो आणि ओकसाठी धीर धर, असं माझं सांगणं आहे. दोन्ही जिवाणूच, म्हणून दोघांना एकच उपाय लावू नकोस.

आता जे तुला ऐकायला आवडणार नाही ते. काळं जर खोडापर्यंत गेलेलं असेल, खोडाच्या सालीवर खोलगट, कडेला भेगाळलेला व्रण खोडाला वेढत असेल, तर ते झाड ठेवू नकोस. फोटोंवरून तरी तसं वाटत नाही. फांद्या तेवढ्याच धरल्यात, आणि झाडाचं वय झालं की ते जरा टणकही होतं. पण तशी वेळ आलीच तर ओवीला आधी सांग, नीट समजावून सांग, शाळेतून येईस्तोवर झाड नाहीसं करून ठेवू नकोस. आणि त्या जागी पुन्हा हीच स्नोड्रिफ्ट जात लावू नकोस. फुलं सुंदर, पण या रोगाला ती जात फार लवकर बळी पडते. ॲडिरॉन्डॅक नावाची एक जात आहे, वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटमची. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोपांना मुद्दाम या रोगाचे जिवाणू टोचले आणि जी तगली त्यांतून ही निवडली. सरळ उभी वाढते, छोट्या अंगणाला बरी. विस्तार केंद्रात प्रतिकारक जातींची यादीही मिळेल. पैसे जास्त पडले तरी तीच घे.

इकडचं म्हणशील तर मृग कोरडाच चाललाय. ढग येतात, आटपाडीकडे जातात आणि मोकळे परततात. दादाचा गुडघा बराय, जिन्यावरून उतरताना तेवढा धरतो. तू फोन केलास की तो 'काही नाही' म्हणेल, तू वहिनीला विचार. कैऱ्यांचं लोणचं घातलंय, तुझी बरणी वेगळी काढून ठेवलीय. पंधरा दिवसांत आपल्या रस्त्याने पंढरपूरकडे दिंड्या सुरू होतील, दर वर्षीसारखं पिठलं-भाकरीचं बघायचंय, आणि बोअरचं पाणी पुरतंय की टँकर सांगावा लागतोय याचा विचार चाललाय. सुहासची बायको मदतीला आहे.

दिवाळीला येतेस ते वाचून फार बरं वाटलं. पण तू लिहिलंस, 'येताना क्रॅबॲपलच्या काड्या आणते, तू कलम बांधशील' ते मात्र मनातून काढून टाक. एक तर आपल्या सांगोल्याच्या हवेत त्याला लागते तेवढी थंडी मिळणारच नाही. आणि दुसरं फार मोठं आहे. हा रोग मुळात तुमच्याकडचा; १९१९ साली तो न्यूझीलंडमध्ये दिसला, १९५७ साली इंग्लंडमध्ये केंटच्या नासपतीवर. आपल्याकडे काश्मीर आणि हिमाचलात किती घरं सफरचंदावर जगतात ते तुला माहीत आहे. २००३ सालचा वनस्पती अलगीकरणाचा सरकारी आदेश आहे, परवान्याशिवाय आणि तपासणीशिवाय जिवंत रोप, काडी देशात आणता येत नाही, आणि तो आदेश योग्यच आहे. निरोगी दिसणारी काडीही नको. ती निरोगी दिसते म्हणजे काय, हे आता तुला समजलंय.

तर येत्या कोरड्या दिवशी काम उरकून घे. सगळ्या फांद्या एकदम जमल्या नाहीत तर वरच्या बाजूच्या आधी घे, कारण पावसाबरोबर स्राव खाली ओघळतो. नंतर आठवड्यातून एकदा झाडाभोवती फेरी मार, जुलै संपेपर्यंत; नवा शेंडा वाळलेला दिसला की त्याच दिवशी काप. आणि हे मी पुन्हा सांगते म्हणून रागावू नकोस: हात राखून कापू नकोस गं. एक वीत, वर चार बोटं. कापून झालं की कापलेल्या तोंडांचे फोटो पाठव, जवळून आणि उजेडात, म्हणजे आतलं लाकूड पांढरं आहे की तांबूस ते मला बघता येईल. तांबूस दिसलं तर मी रात्री कितीही वाजता फोन करीन.

निखिलरावांना आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना नमस्कार, ओवीला गोड पापा.

तुझी,
आत्या

ता. क. तुझ्या कुंपणापलीकडे कोटोनीॲस्टरची लाल फळांची रांग आहे ना, तीही याच कुळातली, आणि तिलाही हा रोग होतो. पायराकँथा, हॉथॉर्न, माउंटन ॲश, सर्व्हिसबेरी ही सगळी तशीच. तुझ्या जपानी चेरीला आणि डॉगवुडला मात्र काही भीती नाही. शेजारच्या बाईंना एकदा तुझ्या झाडाशी नेऊन काळे शेंडे दाखव आणि त्यांचं कुंपण दोघी मिळून बघा. तुझं झाड साफ झालं आणि पलीकडे पाझरत राहिलं, तर पुढच्या वसंतात ते पुन्हा तुझ्याच फुलांवर येईल.